ओळीत कोणाची लायब्ररी आधी

खरं सांगतो, त्या बाईच्या एका फंक्शनवर माझा जीव जळत होता. बाईवर नाही, फंक्शनवर, असं मी तेव्हा स्वतःला समजावत होतो. तेही खोटंच. तिच्यावरच जळत होता.

भंडाऱ्यात राइस मिलच्या ड्रायरला लागणारे कंट्रोल बॉक्स बनवायचं आमचं काम. म्हणायला कंपनी, बाकी दोन खोल्या, एक मालक, वायरिंगवाले दोघं आणि प्रोग्राम लिहिणारा मी एकटा. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. बॉक्सनं करायचं एवढंच, की ड्रायरमधल्या धानाचा ओलावा मोजायचा आणि धान बेतानं वाळलं की ड्रायर बंद करायचा. हे ओलाव्याचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, माझं. करडी गावच्या मिलमध्ये पोत्यांवर बसून, दाणे दाताखाली फोडून पाहत मी ते बसवलं होतं. तिथं मला पाहिलं की लोक खुर्ची पुढे सरकवायचे.

मग ती आली. दिघोरीच्या शेतकऱ्याची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून परत आलेली. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे परत पुण्याला जाणं नाही, हे तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं. साहेबांनी तिला टेम्परवारी घेतलं. पवनीच्या मिलचा बॉक्स नीट चालला तर पक्की, नाही तर रामराम. एवढं स्वच्छ बोलणं झालं होतं, माझ्यासमोर.

आठवडाभरात तिनं मला विचारलं, की उसन्याचं धान गरम असताना माझं रीडिंग जास्त येत असेल ना? उसना म्हणजे धान आधी वाफवायचं आणि मग वाळवायचं. मी बॉक्स बनवला तेव्हा बहुतेक मिला अरव्याच्या होत्या, कच्चं धान सरळ भरडायच्या. आता जिकडेतिकडे उसना. धान गरम असलं की सेन्सरला ते आहे त्याहून ओलं वाटतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते मनावर घेतलं नव्हतं. तिनं मनावर घेतलं, तापमानाचा तक्ता बनवला आणि ओलाव्याचं नवीन फंक्शन लिहिलं. नाव मात्र जुनंच ठेवलं, कारण बाकीचा प्रोग्राम त्याच नावानं हाक मारत होता.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलची आधी एक ऑब्जेक्ट फाईल बनते. तिच्या एका सेक्शनमध्ये कोड, दुसऱ्यात तक्ते, आणि सोबत नावांची यादी, की हे माझ्याकडे आहे आणि हे मला दुसऱ्याकडून पाहिजे. या नावांना सिम्बॉल म्हणतात. अशा बऱ्याच फाईली एकत्र बांधल्या की लायब्ररी झाली. सगळ्यात शेवटी लिंकर येतो आणि ज्याला जे पाहिजे ते जुळवून देतो. तो त्याला दिलेल्या हुकमाच्या ओळीत लिहिलेल्या लायब्रऱ्या क्रमानं बघत जातो, नाव जिथं आधी सापडलं तिथली फाईल उचलतो आणि पुढे निघतो. नंतरच्या लायब्ररीत त्याच नावाचं कितीही चांगलं फंक्शन असो, तिकडे ढुंकूनही बघत नाही. तक्रारही करत नाही, कारण त्याची गरज भागलेली असते.

आमच्या ओळीत तिची लायब्ररी आधी होती आणि माझी नंतर. मोटर, भोंगा वगैरे माझ्यातूनच जायचं. फक्त ओलावा तिचा.

पण तोच तर मान होता ना बाप्पा! करडीच्या मिलमध्ये तिचा प्रोग्राम चालवून पाहिला, आणि दोन दिवसांनी तिथल्या ऑपरेटरचा मला फोन आला. म्हटलं, आठवण ठेवली बुवा यानं. तर म्हणतो कसा, ताईले द्या ना जरा. माझ्याच फोनवर! मी फोन तिच्या हातात दिला, आणि ती बोलत होती तितका वेळ तो परत मिळायची वाट पाहत उभा राहिलो. साहेबही आता काही अडलं की आधी तिच्या टेबलाकडे वळायचे. जाताना मला विचारायचे, काय भाऊ, बरोबर ना? मी मान हलवायचो. घरी बायकोनं विचारलं, आजकाल काहून असे फुगलेले राहता, तर तिच्यावरच खेकसलो.

पवनीचा बॉक्स निघायच्या दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. शेवटचं लिंकिंग माझ्याकडे होतं. मी ती ओळ उघडली आणि दोन नावांची अदलाबदल केली. माझी आधी, तिची मागे. प्रोग्राम एका झटक्यात तयार झाला, एकही इशारा नाही. साइज थोडी कमी झाली, कारण तिचा तक्ता आता आत आलाच नव्हता. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं चाललं ते काय वाईट होतं? माझं नाव कुठे तरी राहू दे. याहून शहाणं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि हे काही कारण नव्हे.

आमच्याकडे बॉक्स निघताना हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, सगळं व्हायचं. आणि लिंकर जो मॅप लिहून देतो, म्हणजे कोणत्या नावासाठी कोणती फाईल उचलली त्याची यादी, तिचं पहिलं पान छापून झाकणाच्या आत ठेवायचं. साहेबांचा नेम होता तो, मशीनची कुंडली म्हणायचे त्याला. मीच पान छापलं, कुंकवाचं बोट लावलं आणि घडी करून आत ठेवलं. हात सवयीनं चालले. त्यात काय लिहिलंय, हे डोक्यात आलंच नाही.

पाचव्या दिवशी पवनीहून फोन. ड्रायर थांबतच नव्हता. मिल उसन्याची, त्यामुळे गरम धान त्याला ओलंच वाटत होतं. धान वाळून तडकलं आणि भरडताना अर्ध्याहून जास्त तांदळाची कनकी, म्हणजे नुसता तुकडा, झाली. साहेबांचा चेहरा उतरला. तिला म्हणाले, ताई, तुमच्यावर सोपवलं होतं. ती म्हणाली, बॉक्स उघडून बघते. क्रम मी बदलला, हे मी सांगितलं नाही. तिची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर चालली होती, आणि खोटं कशाला बोलू, आत कुठे तरी गार वाटलं.

तिघं पवनीला गेलो. मिलवाल्या शेटजींनी तुकड्यांची मूठ साहेबांसमोर धरली. ती सरळ बॉक्सकडे गेली, झाकण उघडलं आणि कागद काढला. तेव्हा कुठे मला आठवलं, ओलावा कोणाच्या फाईलीतून आला ते त्या पानावर लिहिलेलं आहे. तिनं पान वाचलं. वर पाहिलं ते माझ्याकडे, पण आवाज चढवला नाही.

"भाऊ, ओलाव्याची ओळ तुमीच वाचा. मी वाचली तं बहाणा वाटन."

साहेबांना आणि शेटजींना त्या कागदातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी काहीही वाचलं असतं तरी खपलं असतं. तिची फाईल आहे म्हटलं असतं, तर तिचं म्हणणं साहेबांनी ऐकलं नसतं, माझ्या इतक्या वर्षांपुढे. तेही तिला माहीत होतं. तरी तिनं कागद माझ्याच हातात दिला. मी बोट फिरवत ओलाव्याची ओळ शोधली.

"ओलावा माझ्या फाईलीतून आला," मी म्हणालो. "क्रम मी बदलला. ताईचा काही दोष नाही."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. साहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग तिला म्हणाले, "ताई, तुमचं फंक्शन टाकाले किती वेळ लागन?"

अर्धा तास, ती म्हणाली. शेटजींनी तिच्यासाठी खुर्ची आणवली. ती, साहेब आणि शेटजी बॉक्सवर वाकले. मला कोणी एक शिवीसुद्धा दिली नाही.