शून्यावर विश्वास न ठेवणाऱ्या गराडे मॅडम

गराडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते निघोजे गावातल्या एका शेडमध्ये, आणि पाहताक्षणी त्या मला मालकांच्या खबऱ्या वाटल्या. आमची कंपनी चाकण परिसरात पाइपांचे वेल्डिंग गॅमा किरणांनी तपासते. मी लातूरहून नुकताच आलो होतो. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी शकुंतला गराडे न कळवताच दारात उभ्या राहिल्या.

"मशिन बंद केलंय मॅडम," मी घाईने म्हणालो.

"बंद? ते काय ट्यूबलाइट आहे?"

मग त्यांनी तिथेच समजावले. मशिनमध्ये इरिडियम या धातूचा छोटासा तुकडा असतो. इरिडियमच्या स्थिर अणूत अणुभट्टीत एक न्यूट्रॉन जादा घुसला, तरी धातू इरिडियमच राहतो. पण हे समस्थानिक अस्थिर असते आणि आपोआप किरण सोडत राहते. त्याला बटण नसते. साधारण अडीच महिन्यांनी त्याचा जोर निम्मा होतो, पुढच्या अडीच महिन्यांनी त्याच्याही निम्मा. आपण त्याला फक्त जड धातूच्या पेटीत कोंडून ठेवतो.

मॅडमच्या साठीनिमित्त त्यांच्या प्रशिक्षणवर्गांवर इतर मंडळी लिहितीलच. मी एका दुपारविषयी लिहितो.

काम आटोपल्यावर माझे सहकारी सतीश यांनी केबल गुंडाळून सोर्स, म्हणजे इरिडियमचा तो तुकडा, पेटीत परत घेतला. खात्री करायला मी किरण मोजणारा मीटर घेऊन पेटीकडे निघालो. काटा शून्यावर होता.

"थांबा!" सुरक्षेसाठी बांधलेल्या दोराबाहेरून मॅडम ओरडल्या. "शून्य कसं?"

"शून्य म्हणजे चांगलंच की, मॅडम," सतीश म्हणाले.

"मातीत, भिंतीत, आपल्या हाडांतसुद्धा थोडा किरणोत्सर्ग असतोच. चालू मीटर जरा तरी हलतो. मागे फिरा!"

त्यांनी गाडीतला दुसरा मीटर आणला. तो दोराबाहेरच कर्कश वाजू लागला. केबल ज्या नळीतून सरकते, त्या नळीतच सोर्स अडकला होता. भिंतीआड डबे खात बसलेल्या कामगारांना मॅडमनी उठवून लांब पाठवले, दोर मागे नेला आणि सतीशकडून दुरूनच केबल पुढेमागे करवली. सोर्स पेटीत गेल्यावरही मीटर धरून आधी त्या स्वतः पुढे गेल्या.

संध्याकाळी मालक म्हणाले, "कोणाला काही झालं नाही ना? मग वर कळवायलाच हवं का?"

 मॅडम गप्प बसणार, अशीच शंका आम्हा दोघांच्या मनात होती.

"काही झालं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या आणि मालकांसमोरच त्यांनी सरकारी नियामक मंडळाला फोन लावला. काम थांबले. आमच्या छातीवरचे, किरणांची मात्रा मोजणारे बॅज प्रयोगशाळेत गेले.

निकाल येईपर्यंत दापोडीच्या माझ्या घरात संशयाने मुक्काम ठोकला. पत्नी गरोदर होती. माझे ताट, पांघरूण आईने वेगळे केले. मीही पत्नीपासून लांब बसू लागलो. सतीशकडून हे कळताच मॅडम घरी आल्या.

"त्येच्या अंगात किरनं भरलेत. सुनंजवळ जाऊ देणार न्हाई मी," आईने दारातच सांगितले.

"आई, गॅमा किरण अंगातून आरपार जातात, साठून राहत नाहीत. सोर्स पेटीत गेला की संपलं. यांच्या शरीराला किती मात्रा मिळाली, ते बॅज सांगेल. पण यांच्यापासून बाळाला काही होणार नाही."

"कंपनीची माणसं असंच बोलत्यात."

मॅडमना राग आला नाही. त्यांनी चालू मीटर आईच्याच हातात दिला. आईने तो माझ्या छातीला, पोटाला लावला, मग स्वतःच्या. दोघांच्याही अंगाजवळ अधूनमधून तेवढीच टकटक येत होती.

"म्हंजे माझ्यात बी हाय व्हय?"

"तुमच्यात, माझ्यात, या भिंतीतही. नेहमीचंच आहे ते."

आईने मीटर मॅडमना परत दिला. मग माझे ताट उचलून तिने पत्नीच्या ताटाशेजारी मांडले. मॅडम पाठ फिरवून चष्मा पुसत होत्या.

पुढे बॅजचा निकाल आला. मात्रा मर्यादेतच होती. मुलगीही सुखरूप जन्मली. आता ती शाळेत अणूंचा धडा शिकते आणि मला उत्तरे न येणारे प्रश्न थेट मॅडमना फोनवर विचारते. तिचे प्रश्न अजून पुष्कळ उरले आहेत. त्या सगळ्यांना उत्तरे देण्याइतके दीर्घ, निरोगी आणि आनंदी आयुष्य मॅडमना लाभो.