रिसालदाराच्या बाईसाहेब

रिसालदार घोडीशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणायचा आणि माणसांना ‘अबे’. दारात सरपंच येवो, बँकेचा मॅनेजर येवो, नाहीतर नातेवाईक लग्नाची पत्रिका घेऊन येवो, पहिला शब्द ठरलेला. ‘काय बे?’ आणि त्याच तोंडाने लगेच मागे वळून, ‘बाईसाहेब, थोडं पाणी घेता का?’ घोडी मान हलवायची. तेवढ्यावर म्हातारा समजायचा की आपल्याला उत्तर मिळालं. आलेला माणूस तोवर उन्हात उभा.

तो कधी फौजेत नव्हता. रिसालदार हे नाव आंधळगावच्या पोरांनी त्याला चिडवायला ठेवलं आणि तो चिडलाच नाही, म्हणून ते चिकटलं. माणूस कोष्ट्याच्या घरचा. बाप हातमागावर लुगडी विणायचा. याने वरठीच्या एका कारखान्यात नोकरी धरली, जन्मभर मोटरसायकलवर जाणं-येणं केलं, आणि फंड हातात आल्यावर घरातला माग मोडून काढला. मागाखालचा तो पाय सोडून बसायचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि तिथे घोडी बांधली. ज्या जागेवर बापाने घर उभं केलं, त्या जागेवर याने लिदीचा ढीग उभा केला. मी हे तेव्हाही त्याच्या तोंडावर बोललो होतो. तो म्हणाला, ‘बापाचे पाय त्या खड्ड्यात गेले बे. बाईसाहेबायचे पाय सपाट जागेवर राहू दे.’

नोकरीत असतानाही त्याच्याकडे दिवाणजी नावाचा एक तांबडा घोडा होता. एकदा मोटरसायकल बिघडली तेव्हा हा दिवाणजीवर बसून थेट कारखान्याच्या फाटकावर गेला. स्टँडवाला म्हणे, ‘काका, सायकलचं टोकन घोड्याले कसं देऊ?’ याचं उत्तर, ‘कानाले बांध.’ स्टँडवाल्याने खरोखर बांधलं. सुट्टी झाल्यावर परत आला तर दिवाणजीने टोकन खाऊन टाकलेलं, आणि टोकन दिल्याशिवाय घोडा सोडायला स्टँडवाला तयार नाही. ही गोष्ट सांगताना रिसालदार स्वतःच इतका हसायचा की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नसे. मला त्यात कधी हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याला पगार मिळतो त्याला असले खेळ परवडतात.

मला कधी पगार मिळाला नाही. मी वरातीत डोक्यावर बत्ती धरून चाललेला माणूस आहे. पुढे एक ताडपत्री घेतली, मग चार बांबू, मग भांडी, मग जनरेटर. आज मोहाडी तालुक्यात मोठ्या घरचं लग्न असलं की मंडप माझा, दिवे माझे, बँड मी ठरवतो. एकच गोष्ट माझी नव्हती, नवरदेवाची घोडी. पांढरीशुभ्र घोडी पाहिजे, असं प्रत्येक मुलाची आई सांगते, आणि दर हंगामात मला ती बाहेरून आणावी लागायची. घोडीवाला नखरे करायचा, ऐन मुहूर्ताला भाव वाढवायचा. आणि माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, कापसासारखी पांढरी, डौलदार, शांत घोडी बिनकामाची उभी! कोणाचंही रक्त तापेल.

बिनकामाची म्हणतो, पण म्हातारा तिच्यामागे दिवसभर राबायचा. सकाळी उठल्यावर आधी तिचा खरारा. मग चारी खूर उचलून काडीने साफ करणं. भिजवलेले हरभरे तोबऱ्यात भरून तो तिच्या तोंडाला बांधायचा, आणि ते संपेपर्यंत स्वतः चहाला हात लावायचा नाही. मग खोगीर चढवून तलावाच्या काठाच्या पाळीवर. आधी सावकाश चालवणं, मग रेवाल चाल, आणि धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या असल्या की एक चौखूर धाव. दिवाणजी म्हातारा झाला, एका डोळ्याने आंधळा झाला, तरी त्यालाही दोरीने सोबत चालवायचा. ‘पेन्शनीवरच्या माणसानं फिरलं पाह्यजे,’ म्हणे. परत येताना गाव जवळ आलं की खाली उतरून पायी यायचा, कारण घोडीच्या अंगावर घाम ठेवून तिला बांधायचं नाही. स्वतःच्या अंगावरच्या घामाचं मात्र त्याला काही नव्हतं. काकू एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, ‘भाऊ, मी तापानं फणफणत होती तं यायनं म्हटलं, गोळी घे. घोडी एकदा शिंकली तं भंडाऱ्याहून डॉक्टर आणला.’ म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘तुले बोलता येते. त्यायले येत नाई.’

रेवाल चालीचा त्याला भारी गर्व. घोडी भरभर चालते पण वरच्या माणसाला हिसका बसत नाही, ती ही चाल. ते दाखवायला तो काठोकाठ भरलेला चहाचा कप हातात घेऊन पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत येऊन तो कप लोकांसमोर धरायचा. एक थेंब सांडलेला नसे. लोक टाळ्या वाजवायचे. मी विचारलं, ‘काका, चहा प्यायले घरी खुर्ची नाई का?’ तो म्हणाला, ‘खुर्ची जागेवर राह्यते बे.’ आता याला उत्तर म्हणायचं? एवढी शिकवलेली घोडी, आणि तिच्यावर थंड झालेला चहा फिरवायचा!

शेवटी मी एका सकाळी सरळ त्याच्या अंगणात गेलो आणि सौदा काढला. आमच्याकडे बैलबाजारात एक रीत आहे. जनावर मनापासून आवडलं की त्याला नावं ठेवायची. जितकं आवडलं, तितक्या खोडी जास्त. मालक रागावत नाही. उलट त्याला कळतं की गिऱ्हाईक पक्कं आहे. ज्याला घ्यायचं नसतं तो कौतुक करतो आणि पुढे जातो. मी आयुष्यभर असंच विकत घेत आलो. तिथेही तेच केलं. गल्लीतले चार लोक गोळा झाले होते. मी घोडीभोवती फेरी मारली आणि सुरू केलं. ‘काका, दातावरून वय जास्त दिसून राह्यलं. पाठ बसली हाय. पोटाखाली भोवरा हाय, असा भोवरा घर बुडवते म्हणतेत. डावा मागचा पाय आखडून टाकते.’ मग रिवाजाप्रमाणे रुमाल हातावर टाकला आणि हात पुढे केला. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही.

म्हातारा रुमालाकडे बघत राहिला. ‘सर्दी झाली काय बे तुले?’

लोक हसले. मी म्हटलं, ‘काका, बोटं धरा.’

त्याने बोटं धरली नाहीत. घोडीचं दावं धरलं. ‘बाईसाहेब, आत चला. असं बोलणं तुमच्यासमोर होऊ नये.’ तिला आत बांधून तो बाहेर आला आणि मला विचारलं, ‘जिच्यात इतक्या खोडी हायेत, ते तुले काहून पाह्यजे बे?’

इतक्या वर्षांच्या बाजारात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. रीत समजणारा माणूस तो विचारतच नाही. मी रुमाल खिशात घातला आणि चालता झालो. मागे लोक हसतच होते. ते हसणं मी विसरलो नाही.

तरी मी सोडलं नाही. दर हंगामाआधी निरोप पाठवायचो. त्याचंही उत्तर दरवेळी नवं. एकदा म्हणे, ‘तू ज्यायले घोडीवर बसवतो त्यातल्या एकाले तरी बसता येते काय? पोत्यावानी बसतेत.’ एकदा म्हणे, ‘तुया बँडवाल्यायचा सूर बसला का सांग, मंग बाईसाहेबायले विचारतो.’ मग मी माझ्या साळ्याला तयार केला. त्याला गोंदियाचा मोठा घोड्यांचा शौकीन म्हणून पाठवला, नवे कपडे, पायात माझे बूट. रिसालदाराने त्याला चहा पाजला, गोड बोलला आणि म्हणाला, ‘बसून पाहा.’ साळा उजव्या बाजूने चढायला गेला. घोड्यावर डावीकडूनच चढतात, हे त्या शौकिनाला माहीत नव्हतं. म्हातारा त्याला म्हणाला, ‘तुया घरच्या जावईबापूले सांग, बूट चांगले हायेत.’

दिवाणजी गेला तेव्हा म्हाताऱ्याने त्याला आपल्याच धानाच्या बांधीच्या कोपऱ्यात पुरला आणि त्या कोपऱ्यात पुन्हा धानाची रोपं रोवू दिली नाहीत. चांगली पिकाऊ जमीन! मी गेलो होतो भेटायला.  त्या दिवशी तो मला ‘अबे’सुद्धा म्हणाला नाही.

मग एका पावसाळ्यात तो पडला. घोडीवरून नाही, मुलाच्या स्कूटरवरून. मुलगा पुण्याहून आला होता, वरठीच्या स्टेशनवर त्याला घ्यायला स्कूटर घेऊन गेलेल्या बापाला मागे बसवून आणत होता, गाडी चिखलात घसरली. म्हाताऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरने सांगितलं, आता चालणं काठीवर, बाकीचं विसरा. मुलगा म्हणाला, दोघंही पुण्याला चला, फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये घोडी बसत नाही. गावभर झालं, रिसालदाराची घोडी निघणार. नागपूरचा एक माणूस येऊन पाहून गेला. तुमसरच्या दोघांनी फोन केले.

मी त्या वेळी घाई केली नाही. अडलेल्या माणसाकडे आधी धावत जायचं नसतं. पण झोप लागत नव्हती, हे खरं. नागपूरवाला पुन्हा येणार असं कळलं, तसा उठलो. खिशात पैसे घेतले, मनात आकडा पक्का केला. कुठून सुरू करायचं तेही ठरवलं आणि कुठपर्यंत चढायचं तेही.

म्हातारा अंगणात खुर्चीवर बसला होता, काठी मांडीवर. घोडी बाहेर उभी, खरारा केलेली. कोणी केला असेल? बसल्या बसल्या यानेच केला असणार, कारण हात पोचेल तेवढंच अंग चमकत होतं. वरचा भाग तसाच होता.

‘ये बे, मंडपवाल्या.’

मी बोलायच्या आतच त्याने काकूंना हाक मारली. काकूंनी घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळावर कुंकू लावलं, मूठभर तांदूळ खाऊ घातले. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हाताऱ्याने दावं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

आमच्याकडे विकलेल्या जनावराचं दावं कोणी देत नाही. मालक आपलं दावं काढून ठेवतो आणि घेणारा स्वतःचं बांधतो. दाव्यासकट जनावर जातं ते विकलेलं नसतं, सांभाळायला दिलेलं असतं. हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

‘काका, दावं काढा. भाव बोला,’ मी म्हटलं.

‘भाव नाई.’

‘असं कसं? नागपूरवाला देऊन राह्यला, मी त्याच्यापेक्षा...’

‘त्यानं तिचे फोटो काढले बे. चारी बाजूनं. वा वा करून गेला.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू म्हटलं होतं ना, डावा मागचा पाय आखडून टाकते. तू गेल्यावर नालवाल्याले बोलावलं. खुरात भेग होती. मी रोज तो पाय हातात घेऊन राह्यलो, अन् मले नाई दिसली. तुयी नजर वाईट हाय बे. तिच्यावर असीच नजर पाह्यजे.’

‘हे तेव्हाच काहून नाई सांगितलं?’

‘तुले सांगून तुया भाव वाढवू काय?’

मी म्हटलं, मला घोडीवर बसता येत नाही. तो म्हणाला, ‘मंग पाळीवर पायी ने. रोज. नोकराच्या हाती नको देऊ.’ काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. घोडी मात्र माझ्यामागे अशी चालत आली, जणू तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

झालं! घोडी मिळाली आणि धंदा गेला. दाव्यासकट आलेल्या, कपाळाला कुंकू लावून गल्लीसमोर निघालेल्या घोडीवर मी नवरदेव कसा बसवणार? बायकांनी मला गावात राहू दिलं नसतं. आजही हंगामात मी बाहेरून भाड्याची पांढरी घोडी आणतो, आणि माझी पांढरी घोडी घरी हरभरे खात उभी असते. लोक विचारतात तेव्हा मी शिव्या देतो. शिव्या रिसालदाराला असतात.

पुण्याहून त्याचे फोन यायचे. खूर पाहिले का, घाम पुसला का, पाळीच्या त्या टोकापर्यंत नेली का. मी म्हणायचो, ‘काका, मलेही कामं हायेत.’ तो म्हणायचा, ‘तं फोन काहून उचलला?’ गेल्या हिवाळ्यात फोन आला तो मुलाचा होता. म्हातारा सकाळी बाल्कनीत बसल्या बसल्या गेला. मी तेव्हा पाळीवरच होतो. घोडीला काही सांगितलं नाही. मला तिच्याशी तसं बोलता येत नाही.

माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही. त्या दिवशी खिशात मी जो आकडा घेऊन गेलो होतो, तो त्याने विचारलाच नाही. माझ्यासारख्या माणसाला कौतुक करता येत नाही, गोड बोलता येत नाही. मला भाव करता येतो. मी कुठपर्यंत चढायला तयार होतो हे त्याने एकदा विचारलं असतं, रुमालाखाली माझी बोटं एकदा हातात घेतली असती, तर त्याला कळलं असतं की त्याच्या घोडीला मी किती मानत होतो, आणि त्यालाही.