आधी भांडं पाहू

"आधी भांडं पाहू," ती म्हणायची आणि बोटाच्या पेरानं हंड्यावर टकटक करायची. मग कान लावायची. मडकं घेताना आपल्या बायका वाजवून पाहतात ना, तसं.

ती आमच्या अकोल्याच्या कारखान्यात केमिस्ट, आमची मॅडम. रोज बडनेऱ्याहून गाडीनं यायची. सरकीच्या तेलात गॅस सोडून वनस्पती तूप करायचं काम. तेल आणि गॅस आपसात जुळत नाहीत, निकेलची पावडर मधे पडली की जुळतात. हे ज्यात घडतं त्याला ती रिअ‍ॅक्टर म्हणे, आम्ही हंडा. मी सातवी नापास, हंड्यावरचा माणूस. मी राम राम म्हणायचो, ती जयभीम, की काम सुरू.

एका वर्षी तूप धरेना. सकाळची बॅच संध्याकाळी उतरे, तरी पातळ. शेटजींनी भारी पावडर आणली. तेच. मग माझ्यावर आले. "म्हातारा झोपते. महिनाअखेर घरी पाठवा."

रविवारी मॅडम माझ्या घरी आली. म्हणाली, "काका, तुमची चूक नाही. हंडा पसरट हाय. पावडर तळाशी बसते, गॅस मोठे बुडबुडे होऊन वर पळते. दोघांची भेटच होत नाही."

बायको ताक घुसळत होती. मान वर न करता बोलली, "घमेल्यात रवी फिरवून लोणी येते काय? डेरा लागते, बाई. खालचं वर, वरचं खाली गेलं पाहिजे."

मॅडम हसली. "काकू, हेच मी चार पानं लिहून देल्लं. शेटजी वाचतच नाही."

दुसऱ्या दिवशी ती शेटजींसमोर उभी राहिली. "पावडर तीच ठेवा, हंडा बदला. उंच, अरुंद. खालचं तेल पंपानं ओढून गॅससंगं वरून फेकणारा. नाही जमलं तं काकांसोबत मीबी जाते."

हंडा आला. पावडर तीच, तेल तेच, झोपणारा म्हातारा तोच. बॅच जेवणाच्या सुट्टीआधी उतरली, तूप बोटावर घट्ट.

"हे डोकं कोणाचं?" शेटजींनी विचारलं.

"यायच्या घरच्या बाईचं," मॅडमनं माझ्याकडे बोट दाखवलं.

बायकोनं हे गल्लीत वर्षभर सांगितलं.

पुढे मॅडम गुजरातेत मोठ्या कारखान्यात गेली. आम्हाला तशी केमिस्ट पुन्हा मिळाली नाही.

यंदा बायको गेली. मॅडम भेटायला आली. सगळे विचारतात, जेवला काय. तिनं विचारलं नाही. सरळ चुलीकडे गेली. शेजारणीनं दिलेलं दही तसंच पडलं होतं. पालथा घातलेला डेरा तिनं उचलला, पेरानं टकटक केली, कान लावला.

"चांगला हाय," म्हणाली.

तिला घुसळता येत नव्हतं. अर्धं ताक अंगावर उडालं. पण लोणी आलं. भाकरीवर ठेवून ताट माझ्यापुढे सरकवलं. "खा, काका."

चार दिवसांनी मी जेवलो.

ती गाडीसाठी निघाली. जाताना तिनं डेरा धुतला, पण पालथा घातला नाही. सरळ ठेवून गेली. मीही मग तो पालथा घातलेला नाही.