मी काढून ठेवलेली वायर

निपाणीत स्टँडजवळ माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल गल्लीत अजूनही एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे आणि ती मीच पसरवली आहे.

आमच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत एक लॉक यायचं. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. कॉम्प्युटरच्या पाठीमागं, जुन्या प्रिंटरची केबल जिथं लागते तिथं तो खोचायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे, आणि नव्या कॉम्प्युटरला तसली जागाच नसे. त्यामुळं त्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजला कंपनीनं सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणं सोडून दिल्यावरही आम्ही ती सोडली नाही. आमच्या सगळ्या फाइली त्याच फाँटमध्ये होत्या. नव्या मशीनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी कंस आणि तिरके दांडे दिसत.

त्या मशीनवर एक मुलगी काम करायची. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ती पदवी घेऊन माझ्याकडं आली आणि बरीच वर्षं राहिली. मराठी आणि कन्नड, दोन्ही पत्रिका ती सारख्याच सफाईनं लावायची. दुकानाचा नियमही तिनंच घालून दिला होता. इंटरनेट फक्त नव्या कॉम्प्युटरवर चालवायचं, आणि तिथून मजकूर पेनड्राइव्हनं तपासून जुन्यावर आणायचा.

दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक नसलं की ती वडिलांचं, तिच्या आप्पांचं, आयुष्य टाइप करायची. ते घरी सांगायचे, ती लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उतरवायची. वखारीतली खाट, म्हणजे तंबाखूची झोंबरी धूळ, त्या खाटेनं सगळ्यांना लागणारा खोकला, संपातले दिवस, शाळेत मागं बसवलेलं पोर. मी वाचायचो. तिला प्रिंट काढायची होती, तेव्हा मीच म्हणालो, "पुरं होऊ दे की. एकदमच काढू, बांधूनच देतो तुला."

पुढं गिऱ्हाइकं मजकूर मोबाइलवरून पाठवायला लागली. दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जायचा मला कंटाळा यायचा. जुन्या मशीनवरचा ब्राउझर कुठलंच पान नीट उघडत नव्हता. मग दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की, काही हौशी लोक जुन्या विंडोजसाठी अजून नवा ब्राउझर तयार करतात. त्यानं तो घालून दिला. पानं भराभर उघडायला लागली. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवलं, "बघ, म्हाताऱ्याला नवे दात बसवले!"

ती मात्र हसली नाही.

"अण्णा, ह्येला इंटरनेटची वायर लावू नका. वरनं कितीबी नवं घाला, खालचं जुनंच हाय. त्येला आता कोण वाली न्हाय."

"आगं, ब्राउझर नवा हाय की. त्यो सांभाळून घेतोय."

"ब्राउझर सोताला सांभाळंल. बाकीच्याला कोण सांभाळणार?"

मी व्हय म्हणालो. पण ती सुट्टीवर असली की मी वायर लावायचो. सगळी पानं उघडत असलेली दिसली की मला वाटायचं, मशीनच नवं झालं.

एका सकाळी मशीन चालू केलं तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत धमकी, पैसे भरा तरच फाइली मिळतील. बॅकअपची डिस्क मी कायम जोडूनच ठेवायचो, तीही तशीच. आदल्या दिवशी लावलेली वायर अजून मशीनलाच होती. पोरगी यायच्या आत मी वायर काढली, गुंडाळली आणि कपाटात टाकली.

थोड्या वेळानं ती आली, आणि दुकानात लोकही जमले. लग्नसराई होती, पत्रिका अडकल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, "आवो, झालं तरी काय?" मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "हिच्या पेनड्राइव्हमधनं व्हायरस आलाय."

ती नेहमी पेनड्राइव्ह तपासायची. पण माणूस दहा वेळा तपासतो आणि एकदा विसरतो, तसं आपलंही झालं असेल, असं तिला वाटलं. तिचा चेहरा बघून ते मला लगेच कळलं. ती एवढंच म्हणाली, "आप्पांचं बी गेलं की वो सगळं." वखारीतल्या हमालाच्या पोरीपुढं माझाच शब्द चालणार, हेही मला माहीत होतं. मी ते वापरलं.

ती काम सोडून गेली. गल्लीतल्या कुठल्याच दुकानानं तिला ठेवून घेतलं नाही. पुढं बेळगावात एका ऑफिसात लागली. तिचे वडील वारले. कॉम्प्युटर मी भंगारात दिला.

परवा गल्लीतल्या एका लग्नात ती आईबरोबर आली होती. मी जवळच्याच पंगतीत होतो. बायकांच्या बोलण्यात वखारीचा विषय निघाला. तिनं आईला विचारलं, "आई, आप्पांनी मुकादमाला उलटं उत्तर दिलतं, ते काय गं? सांग की." आई पत्रावळीवरून मान न उचलता म्हणाली, "कशाला सांगू? परत घालवशील." बाजूच्या दोघीचौघी हसल्या. तीही हसली. सवयीचं हसणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दारातच तिला सगळं सांगितलं. वायर, कपाट, लोकांसमोर घेतलेलं तिचं नाव.

"आप्पा जाईस्तोवर मी त्यांची माफी मागत हुतो, अण्णा. ते म्हणायचे, असू दे गं, मशीनच त्ये. तुमी त्यांच्या मातीला आलतासा. तवाबी बोलला न्हाईसा."

"न्हाय बोललो."

"मला सांगून काय उपेग? आत चला. आईला सांगा."

आई चुलीपाशी बसली होती. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळणार नाही, या आशेनं मी गुळमुळीत सुरुवात केली. तिनं मला मध्येच तोडलं. "सरळ सांगा. पोरीनं घालवलं का तुमी?"

"मी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलंच नाही. लेकीला म्हणाली, "बस गं हितं." मग मला म्हणाली, "तुमी जावा आता."

मी पायऱ्या उतरलो, चपला शोधत होतो. आतून आईचा आवाज आला, "मुकादम म्हणाला, पोती मोजून ठेव. तर तुझा बा म्हणाला..." पुढचं मला ऐकू येईना. थांबून ऐकावंसं फार वाटलं. पण मला जायला सांगितलं होतं.