माल-आला, माल-गेला

साहेबानं कागदाची लांब घडी उलगडली आणि माझा प्रोग्राम मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर.

"माल-आला. माल-गेला. माल-उरला." मग मान वर केली. "हा प्रोग्राम आहे की तुमसरच्या धानबाजारातली अडत?"

मशीनमध्ये आकडे भरणाऱ्या पंचिंगच्या पोरी हसल्या. दोघे प्रोग्रामर हसले. चहावालाही हसला, त्याला काय कळलं कोण जाणे. मीही हसले. काय करणार होते?

"इंग्रजी शब्द सुचत नाहीत, तर येता कशाला? कोट्यातून आलं की असंच."

हे शेवटचं तो माझ्याकडे बघून बोललाच नाही. भिंतीकडे बघून बोलला.

भंडाऱ्याजवळचा कारखाना. ऐंशीनंतरची वर्षं. कॉम्प्युटरची खोली थंडगार, चपला बाहेर काढून आत जायचं. मी साकोलीकडच्या खेड्यातली. गावच्या देवळात आम्हाला पायरीपर्यंतच जागा. इथं मात्र मी चपला काढायचे आणि थेट आत. याचंच मला किती अप्रूप!

नागपूरला मी आधी फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते. ती साहेबाची लाडकी. गणिताची भाषा, तुटक नावं. मला जमली, पण लळा लागला नाही. मग कोबोल शिकले आणि मोकळी झाले. ती वाक्यात बोलायची. हे घे, त्यात मिळव, तिकडं ठेव. माय धानाच्या रोवण्याला बायांना सांगायची, तसं. नावंही लांबलचक देता यायची. अक्षरं रोमन, पण शब्द मी माझे घातले. साहेब म्हणायचा, "कोबोल ही कारकुनांची भाषा. तुम्हाला तीच बरी."

त्या दिवशी त्यानं सांगितलं, "सगळी नावं बदला."

बदलली. रिसीट, इश्यू, बॅलन्स. मीच लिहिलेला प्रोग्राम मलाच परका वाटू लागला. एका ठिकाणी जुनं नाव राहून गेलं आणि मशीन अडलं. साहेब पुन्हा हसला.  मी तेही नाव बदललं. घरी पैसे माझेच जायचे.

कारध्याला माझी भाड्याची खोली होती. माय आली होती. ताट तसंच पाहून म्हणाली, "काहून जेवून नाही राहिली वं?"

"माय, तिथं माझी बोली चालत नाही."

"मंग कोनती चालते? मशिनीले कोनती समजते?"

"मशिनीले कोनतंबी नाव चालते."

"मंग कोनाले नाही चालत?"

"सायबाले."

बोलून गेले. इतके दिवस मला वाटत होतं की मीच कमी पडते. मशीनला माझं नाव कधीच खुपलं नव्हतं.  मायनं भात पुन्हा गरम केला.

पुढचा प्रोग्राम कामगारांच्या रजांचा होता. मी लिहिलं : रजा-घेतली, रजा-उरली. प्रोग्राम बिनचूक चालला. साहेबानं कागद पाहिला. यावेळी वाचून दाखवला नाही.

"बदला."

"नाही बदलत."

"काय?"

"चालते ना साहेब? मंग नाही बदलत."

  खोलीत कोणी मान वर केली नाही. साकोलीचाच एक जण होता, माझ्याशी आमच्या बोलीत बोलायचा. तो कीबोर्डकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला पंचिंगला बसवलं. इतरांचे आकडे दिवसभर मशीनमध्ये भरायचे. माझा प्रोग्राम दुसऱ्याला दिला. त्यानं नावं बदलली. कारखान्यात तोच प्रोग्राम वापरात आला. मी तक्रार केली, ती कुठं गेली कळलं नाही. बोटं दुखायची. पुन्हा प्रोग्राम लिहायला मिळेल म्हणून वाट पाहायचे. मिळाला नाही.

एकदा साहेबानं बोलावलं. आवाज मऊ होता.

"माफीच्या चार ओळी लिहून द्या. परत घेतो."

मला परत जायचं होतं. फार जायचं होतं. कोबोल माझ्या डोक्यात रोज चालायची.

"कशाची माफी?" मी विचारलं.

त्यानं कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी उठून पंचिंगच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथंच बसवा, हवी तितकी वर्षं बसवा. माफी दिली नाही. देणार नाही.