दादाची टोपली मी रिकामी केली

अकोल्याला माझ्या भावाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आता विजेच्या वेगानं चालतो. कारण त्यात काहीच नाही.

हे काम माझं. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. नको ते फेकायचं आणि हवं ते जागेवर ठेवायचं, एवढ्या दोन गोष्टींवर मी वीस वर्षं नोकरी रेटली. दादा वकील आहे. तो काहीच फेकत नाही.

एका नातेवाइकाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, मी अकोल्यात दादाकडे मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दादानं समोरच्या खोलीतल्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघाला.

"अरे, हे सुरू करून कुठी चालला?"

"त्याले वेळ लागते. आंघोळ, पूजा, चहा झाला का तो बी तयार होते."

"रोज?"

"रोज. म्हणून तं माही पूजा चुकत नाई!"

त्या दिवशी मात्र घाई होती. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सुभद्राआजी येऊन बसल्या होत्या, हिवरखेडहून पहिल्या गाडीनं. त्यांच्या शेतात जायची पांधण, म्हणजे बैलगाडीची वाट, शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली होती. चार वर्षं ही बाई दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शिव्या खात स्वतःच्या शेतात जात होती. अपील शेवटाला आलं होतं. दादाला लेखी युक्तिवाद द्यायचा होता आणि त्याच्या तीन तारखा त्यानं आधीच घालवल्या होत्या. आता न्यायाधीशांनी शेवटची संधी दिली होती. आज अकरा वाजता कागद दिला तर दिला, नाहीतर विषय संपला.

दादाच्या आंघोळ-पूजेला एक तास लागतो. एका तासात मी आमच्या कॉलेजचा प्रवेश विभाग सरळ केलेला आहे. एक कॉम्प्युटर म्हणजे काय!

आधी मी कॉम्प्युटरच्या डब्यावरचा विणलेला झगा काढला. (हा वहिनीनं विणलेला. चारी बाजूंनी झालर. आतला पंखा बिचारा त्या झालरीत तोंड खुपसून श्वास घेत होता.) झाकण उघडलं, तर आत धुळीची गादी. ती काढली. मग चालू होताना सोबत उठणाऱ्या मंडळींकडे वळले. व्हायरसपासून वाचवणारे तीन प्रोग्राम होते आणि ते एकमेकांनाच पकडत होते. दोन पंचांगं होती. एक सॉफ्टवेअर तर असं होतं, की ते कशासाठी आहे हे त्यालाही माहीत नसावं. सगळे काढले.

तरी जागा भरलेलीच. शोधलं, तर सगळा भार कचऱ्याच्या टोपलीत! उघडून पाहिली, तर हजारो फायली. इतका कचरा मी शासकीय गोदामातही पाहिला नाही.

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ताई, टाकाच्या आधी यायले इचारा नं."

"इचारलं का तो नाई म्हनन."

"मंग?"

"मंग इचारतच नाई."

कॉम्प्युटरनंही विचारलं, कायमचं काढायचं? नक्की? नक्की का म्हणून विचारणाऱ्यांचा मला आधीच राग येतो. मी 'हो' दाबलं. टोपली रिकामी झाल्याचा तो कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. मला फार बरं वाटलं.

मशीन बंद करून चालू केलं. मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत ते तयार होऊन बसलं होतं!

दादा कपाळाला गंध लावून आला. पाहतच राहिला. "बापा! हे आपलंच हाय का?" त्यानं वहिनीला हाक मारली, व्हरांड्यातून आजींना आत बोलावून दाखवलं. "पाहा आजी, माही बहीण! अमरावतीचं अख्खं कॉलेज चालवते!" मी नाही-नाही म्हटलं, पण फार जोरात नाही.

मग तो खुर्चीत बसला. माऊस इकडे नेला, तिकडे नेला. गंधाखालच्या आठ्या दिसू लागल्या.

"संधे, टोपलीतलं कुठी गेलं वं?"

"फेकलं."

"कावून?"

"कचरा होता!"

"कचरा?" दादाचा आवाज कोर्टात कधी चढला नसेल इतका चढला. "माही वकिली होती तिच्यात!"

मग उलगडा झाला. पूर्वी एका कारकुनानं दादाच्या कपाटातली फाइल समोरच्या पक्षाला दाखवली होती. तेव्हापासून दादा महत्त्वाचे कागद टेबलाखालच्या वेताच्या टोपलीत ठेवतो. कपाट कोणीही उघडेल, टोपलीत कोण हात घालणार? घरात ती टोपली झाडूवालीसुद्धा उचलत नाही. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यातही टोपली दिसली आणि दादाला हायसं वाटलं. फाइल टोपलीतून बाहेर काढायची, काम करायचं, परत टोपलीत टाकायची. इतकी वर्षं बिनधोक चाललं होतं. त्याच्या टोपलीत हात घालणारी एकच व्यक्ती जगात निघाली आणि ती अमरावतीहून आली.

"युक्तिवादाचं प्रिंट तं काढलं असशीन?" मी विचारलं.

"आनखी एक परिच्छेद टाकाचा होता."

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काही हात लावू नका, परवा आणून द्या. निघालं तर निघालं." परवा! घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"आठवून सांग नं, दादा. मी टाइप करते."

"सव्वीस पानं होती! मले काय पाठ हायेत?"

"मले हायेत," दारातून आजी म्हणाल्या.

आम्ही तिघं वळलो.

"तुमी सात खेपा वाचून दाखवलं नं, वकीलसाहेब. दर खेपेले म्हनत होते, कसं झालं? मंग ध्यानात राहीन नाई तं काय?" आजी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "लिव वं माय. अगुदर पांधणीचं लिव."

आणि त्या सांगत सुटल्या. पांधण कोणत्या बाभळीपासून कोणत्या विहिरीपर्यंत, कोणाच्या गाड्या जायच्या, काटे कोणी टाकले, समोरचा साक्षीदार उलटतपासणीत काय बोलून बसला. मी टाइप करत होते. कॉम्प्युटर माझ्या बोटांच्या पुढे धावत होता. (त्या खोलीत मान ताठ ठेवून काम करणारा तो एकटाच.)

"आजी, इथी मी तीन निवाडे टाकले होते," दादा मध्येच म्हणाला.

"ते आले का मले झोप ये. सोडा ते."

"अन् कायद्याचा भाग?"

"तिथी तुमी पानी पेले होते. त्याच्या म्होरं काई नाई."

सव्वीस पानांची साडेचार झाली. दादानं दोन कलमं घुसवली, आजींनी एक काढायला लावलं. साडेदहाला प्रिंट निघालं. दादानं गाडीला किक मारली, आजी मागे बसल्या, आणि मी व वहिनी दुपारपर्यंत चिवडा खात बसलो.

दादा परतला तो वेगळ्याच चेहऱ्यानं. "घेतलं. साहेबांनी तिथीच वाचून पाह्यलं. मले म्हणते, वकीलसाहेब, आज पहिल्यांदा तुमचं म्हणणं समजलं."

पुढे निकाल लागला आणि पांधण मोकळी झाली. आजी त्या वाटेनं गाडीत बसून शेतात गेल्या. दादाचा फोन आला, तेव्हा मी आभार मानून घ्यायच्या तयारीत होते.

"संधे, हिवरखेडचे दोघं आले. त्यायची केस माह्याकडे देतो म्हणते."

"मंग चांगलंच झालं की!"

"पण त्यायची एक अट हाय. कागद मी लिवाचे, त्यायले सात खेपा वाचून दाखवाचे, अन् मंग तू येऊन पुसाचे."

कॉलेज सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले, तिथं मला शिपायाशिवाय कोणी ओळखत नाही. हिवरखेडकडच्या तेल्हारा तालुक्यात मात्र माझं नाव झालं आहे. येत्या मंगळवारी बोलावलं आहे. रजेच्या अर्जात कारण काय लिहावं, एवढंच सुचत नाही.