निळ्या साल्व्हियाचा उन्हाळा

समोरच्या बाई शाळेत शिकवतात. उन्हाळ्यात मुलाकडे जाताना त्यांनी निळ्या फुलांच्या साल्व्हियाची कुंडी माझ्याकडे ठेवली. "बहिणीनं दिलेली फांदी लावली होती. बहीण तर गेली. एवढं जपाल ना?" म्हणाल्या. मी मान हलवली, आणि तेव्हापासून मला चैन पडेना.

हे झाड थंडीचं. आमच्याकडचं ऊन त्याला सोसत नाही, म्हणून मी कुंडी घरात, कूलरच्या बाजूला ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "माणसं घामानं भिजून राह्यले, अन् झाडाले कूलर."

दुपारी पानं लोंबायची, संध्याकाळी उभी राहायची. मी मातीत बोट घालून बघायची आणि कोरडी लागली तरच पाणी द्यायची. एका सकाळी पानं उठलीच नाहीत. बोट घातलं तर चिखल. मी तर पाणी दिलं नव्हतं.

त्या दुपारी पडल्या पडल्या मी पाहिलं. सासूबाई माठातलं पाणी प्यायल्या आणि गिलासात उरलेलं कुंडीत ओतलं. "तहानलं बिचारं," स्वतःशीच म्हणाल्या. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय त्या जाऊ देत नाहीत. मान टाकलेलं झाड त्यांना कसं बघवेल? मला उठून सांगायचं होतं, पण त्यांना कशातही अडवायची मला सवयच नाही.

खोड बुडाशी काळं पडलं होतं. मी तीन शेंडे कापले, खालची पानं काढली आणि माठाखालच्या ओल्या रेतीत खोचले. माठ पाझरतो, रेती गार राहते. पण गिलास तिथंच रिकामा होईल या भीतीनं मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी त्या गिलास घेऊन रेतीकडे वाकल्या, तेव्हा तोंडून निघालं, "आई, तिथं नका टाकू. सडते ते."

त्या थांबल्या. "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"



मोठं झाड वाळलं. दोन शेंडेही गेले. तिसऱ्याला बारीक पान आलं.

बाई परत आल्या. मी रेतीकडे बोट दाखवलं. "मोठं मेलं," एवढंच बोलले. चौकटीला टेकलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माह्या हातानं मेलं ते, बाई. हिनं नाई मारलं."

बाई खाली बसल्या. पान चुरगळू नये असं हळूच बोट लावून त्यांनी बोटाचा वास घेतला. "जगेल का हो?"

नुसतं पान फुटलं म्हणजे मूळ धरलं असं नसतं. मूळ आहे का ते शेंडा ओढून बघायची माझी हिंमत नव्हती. मी तसंच सांगितलं.